मोफत ज्ञानाची किंमत : जिवतीच्या संदर्भात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या स्वयंअध्ययनाची समीक्षा

प्रस्तावना :

कृत्रिम बुद्धिमत्ता शिकण्यास आज पैसे लागत नाहीत, असे विधान महाविद्यालयीन कार्यशाळांतून वारंवार केले जाते. हे विधान असत्य नाही. मात्र ते कोणाच्या दृष्टीने सत्य आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला, माणिकगड पहाडावर वसलेला जिवती तालुका हा प्रश्न विचारण्यासाठी योग्य ठिकाण आहे. तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्यात गोंड व कोलाम या आदिवासी जमातींबरोबर बंजारा समाज आणि मराठवाड्यातून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे राहतात. घरी गोंडी, कोलामी वा गोरमाटी, शाळेत मराठी, सीमेपलीकडच्या व्यवहारात तेलुगू आणि संगणकासमोर इंग्रजी, असा भाषिक प्रवास येथील विद्यार्थ्याला करावा लागतो. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने उपलब्ध मोफत साधनांचे मूल्यमापन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

साधनांचे गुणदोष :

आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेच्या 'एनपीटीईएल' प्रकल्पास २००३ मध्ये प्रारंभ झाला. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अँड्र्यू एंग यांनी यंत्र-अध्ययनाचा अभ्यासक्रम महाजालावर मोफत खुला केला, तेव्हा जगभरातून एक लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. त्यातूनच २०१२ मध्ये 'कोर्सेरा' उभे राहिले. पुढे 'फास्ट एआय' (२०१६), केंद्र शासनाचे 'स्वयम्' (२०१७) आणि हेलसिंकी विद्यापीठाचा 'एलिमेंट्स ऑफ एआय' (२०१८) यांची भर पडली. वीस वर्षांपूर्वी जे ज्ञान मोजक्या संस्थांच्या भिंतींआड होते ते आज कोणालाही पाहता येते, हे या साधनांचे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि, प्रत्येक अभ्यासक्रम आपल्या विद्यार्थ्याची एक प्रतिमा गृहीत धरतो, आणि त्या प्रतिमेवरच त्याचे यश अवलंबून असते. एंग यांची मांडणी सुबोध आहे. परंतु विकलन, सदिश व संभाव्यता यांची तोंडओळख असलेला श्रोता तिला हवा. 'फास्ट एआय' सिद्धान्ताआधी प्रयोग देते, ही पद्धती नवशिक्याला आकर्षक वाटते. परंतु सुमारे वर्षभराचा आज्ञावली-लेखनाचा अनुभव तेथे अपेक्षित आहे. विनामूल्य संगणनशक्ती पुरविणाऱ्या 'गूगल कोलॅब'ला अखंड जोडणी लागते. 'स्वयम्'वरील अध्ययन मोफत आहे. प्रमाणपत्राच्या परीक्षेस मात्र शुल्क आहे. कला शाखेत शिकणारी, घरी संगणक नसलेली, जोडणी असेल तेव्हा भ्रमणध्वनीवरच चित्रफिती पाहणारी विद्यार्थिनी यांपैकी कोणत्याही प्रतिमेत बसत नाही. तिच्याकडून शुल्क घेतले जात नाही, एवढेच.

यावर, जिज्ञासा असेल तर वाट सापडते, असे उत्तर दिले जाते. अनुभव त्यास दुजोरा देत नाही. हार्वर्ड व एमआयटी यांच्या खुल्या अभ्यासक्रमांचा आढावा २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१७-१८ मध्ये नोंदणी करणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्केच अभ्यासक्रम पूर्ण करू शकले. शुल्क भरून प्रमाणपत्राच्या मार्गाने जाणाऱ्यांत हे प्रमाण निम्म्याच्या जवळपास होते. हेतू, बंधन आणि साधनसंपन्नता ज्यांच्यापाशी आधीच आहे त्यांनाच मोफत ज्ञान अधिक लाभते, असा याचा अर्थ लावता येतो.

पाझर सिद्धान्ताची पुनरावृत्ती :

महाराष्ट्राला हा अनुभव नवीन नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी, वरच्या वर्गास दिलेले उच्च शिक्षण आपोआप खाली झिरपेल या शासकीय समजुतीवर आघात केला होता. करांचा भार कष्टकऱ्यांवर आणि शिक्षणाचा लाभ उच्च वर्गास, हा त्यांचा आक्षेप होता. महाजालावर ठेवलेले ज्ञान गुड्यापर्यंत आपोआप पोहोचेल, ही आजची धारणा त्याच पाझर सिद्धान्ताचे नवे रूप आहे. फरक इतकाच की, तेव्हा दार बंद होते. आज दार उघडे असून पायऱ्या नाहीत. म्हणूनच वर न येणाऱ्यालाच दोष देणे सोपे झाले आहे.

भाषेचा प्रश्न :

या पायऱ्यांपैकी पहिली भाषेची आहे. 'एलिमेंट्स ऑफ एआय' हा अभ्यासक्रम युरोपीय संघाच्या सर्व अधिकृत भाषांत उपलब्ध करून देण्याचा संकल्प फिनलंडने २०१९ मध्ये सोडला. त्या भाषांत सुमारे पाच लाख भाषकांची माल्टीदेखील आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठीचे भाषक ८.३ कोटी, तर गोंडीचे २९ लाखांहून अधिक आहेत. मराठीत 'एनपीटीईएल'च्या निवडक व्याख्यानांची लिखित भाषांतरे आहेत, तसेच आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठी ध्वनिमुद्रित पाठ आहेत. हे दुसरे साधन विशेष दखलपात्र आहे. सुमारे दहा मिनिटांचे पाठ, पाहता पाहता स्वतः करून बघण्याची पद्धती, प्रसिद्धीपूर्वी नवशिक्याकडून तपासणी आणि जोडणीशिवाय वापरण्याची सोय, ही त्याची वैशिष्ट्ये होत. येथे गृहीत धरलेली विद्यार्थ्याची प्रतिमा जिवतीच्या विद्यार्थ्याशी बरीच जुळते. मात्र हे पाठ पायथॉनसारख्या भाषेपर्यंत नेतात. तेथून यंत्र-अध्ययनापर्यंतचा मराठी मार्ग अजून नीट बांधलेला नाही.

वस्तुतः संकल्पना अवघड नाहीत. यंत्र आपली चूक टप्प्याटप्प्याने कशी कमी करते, हे समजावताना इंग्रजी अभ्यासक्रम धुक्यात डोंगर उतरणाऱ्या माणसाचा दाखला देतात : पायाखालचा उतार अजमावायचा आणि अधिक उताराच्या दिशेने पाऊल टाकायचे. माणिकगड पहाड चढणाऱ्या-उतरणाऱ्या मुलांस हा दाखला समजावून सांगण्याची गरज नाही. तो त्यांच्या भाषेत मात्र कोणी तरी सांगितला पाहिजे.

२०२२ च्या अखेरीपासून संवादी प्रणाली मराठीत उत्तरे देऊ लागल्याने ही उणीव भरून निघाली, असे काहींना वाटते. या प्रणाली उपयुक्त आहेत. परंतु चुकीचे उत्तरही त्या तितक्याच आत्मविश्वासाने देतात. चूक ओळखण्यासाठी जे ज्ञान हवे, तेच नवशिक्याकडे नसते. शिक्षकाची गरज त्यामुळे संपत नाही, उलट वाढते.

प्रश्न केवळ नोकरीचा नाही :

कृत्रिम बुद्धिमत्ता जिवतीसारख्या भागात विद्यार्थ्यांच्या आधी शेतात पोहोचू शकते. कामगंध सापळ्यात अडकलेल्या बोंडअळीच्या पतंगांचे छायाचित्र पाहून फवारणीचा सल्ला देणारी प्रणाली 'वाधवानी एआय' या संस्थेने विकसित केली आहे. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये 'आदिवाणी' या भाषांतर-प्रणालीची प्राथमिक आवृत्ती आणली. तीत गोंडी आहे. कापूस पिकविणाऱ्या घरातील मुलाने सल्ला कशावरून दिला हे विचारू नये काय? आपल्या आईची बोली यंत्राने बरोबर पकडली की नाही, हे गोंड मुलीने तपासू नये काय? हे प्रश्न विचारता येणे म्हणजेच कृत्रिम बुद्धिमत्ता शिकणे. जिवतीलगतच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांमुळे गुंजाळा गोंडी लिपी प्रकाशात आली आणि २०१८ मध्ये तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. या परिसराची भाषा संगणकात पोहोचली आहे; तिचे भाषक तेथे केवळ नमुना म्हणून राहणार की परीक्षक म्हणून, हा खरा प्रश्न आहे.

महाविद्यालयाची जबाबदारी :

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'द्वारे पूर्ण करता येतात. या तरतुदीचा अर्थ अध्यापन बाहेर सोपविणे असा घेतला गेला, तर ग्रामीण महाविद्यालये केवळ नोंदणी केंद्रे होतील. विद्यार्थ्यांस दुव्यांची यादी पाठविणे आणि मूल्यांकनाच्या वेळी प्रमाणपत्रे मोजणे, यास शिकविणे म्हणता येत नाही. दहा अभ्यासक्रम सुचविण्याऐवजी एकच निवडावा. त्याचे पाठ ग्रंथालयातील संगणकावर उतरवून ठेवावेत. आठवड्यातून एक तास पाच-सहा विद्यार्थ्यांनी एकत्र बसावे. गणित व मराठी या विभागांनी मिळून संज्ञांचे सुबोध टिपण तयार करावे. प्राध्यापकाने विषयतज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही. त्याने विद्यार्थ्यांबरोबर शिकण्यास बसावे, एवढे पुरेसे आहे. यासाठी वेगळ्या निधीची नव्हे, वेळापत्रकातील एका तासाची गरज आहे.

समारोप :

मोफत साधनांनी ज्ञानाचे शुल्क काढून टाकले, ही मोठी गोष्ट होय. परंतु किंमत नाहीशी झालेली नाही. ती भाषेच्या, पूर्वतयारीच्या आणि एकाकीपणाच्या रूपाने विद्यार्थ्यावर पडली आहे. ती त्याने एकट्याने मोजायची की महाविद्यालयाने वाटून घ्यायची, याचा निर्णय मात्र आपल्या हाती आहे.