‘कापूस’ म्हणजे नेमके काय?

आज्ञावली लिहायला शिकवणाऱ्या पुस्तकांतले पहिले उदाहरण बहुधा ठरलेलेच असते: ए = १०, बी = २०, सी = ए + बी. टंकायला सोपे, म्हणून ते टिकून आहे. पण या अक्षरांमागे कसलीच राशी नाही, ही आमची तक्रार आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्याच्या शाळेतल्या मुलांनी कापसाचा हिशेब घरी अनेकदा ऐकलेला असतो. त्यांनी चुकून ‘रक्कम = वजन + दर’ असे लिहिले, तर ते त्यांनाच खटकेल. सी = ए + बी मध्ये खटकण्यासारखे काही नसतेच, आणि मग चूक सापडली नाही की ‘आपल्याला हे जमत नाही’ अशी मुलांची समजूत होते.

चलांची नावे मराठीत देण्यात अडचण नाही. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ पासून ‘रक्कम = वजन * दर’ ही ओळ देवनागरीत जशीच्या तशी चालते. रोमन लिपीत मात्र दर आणि दार एकच होऊन बसतात! एक सूचना: ‘व्यापाऱ्याचा_दर’ मधला ‘ऱ्या’ टंकताना न दिसणारे जोडचिन्ह घुसले, तर पायथॉन ते नाव नाकारतो. पडद्यावर फरक काहीच दिसत नाही.

पण नाव मराठी असले म्हणजे भागले, असे नाही. ‘कापूस’ या नावात काय ठेवायचे? क्विंटल, भाव, की आलेले पैसे? भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (सुमारे ११५०) अज्ञात राशींना कालक, नीलक अशी रंगांची नावे आहेत. रत्नांच्या एका उदाहरणात मात्र माणिकासाठी ‘मा’, मोत्यासाठी ‘मु’ अशी आद्याक्षरे येतात. तिथे ‘मा’ म्हणजे माणिक नव्हे, तर एका माणकाची किंमत. ही गल्लत आजही वर्गात होते. म्हणून ‘वजन_क्विंटल’ हे लांबलचक नाव आम्हाला अधिक पसंत आहे.

दुसरी गल्लत जास्त खोल आहे. चलाला ‘सर्वात_मोठी’ म्हटले की संगणक आपोआप मोठी संख्या शोधील, असे काही मुलांना वाटते. नवशिक्यांना संगणकात एक समजूतदार मन दडलेले वाटते, हे रॉय पी यांनी १९८६ मध्येच दाखवले होते. यावर उपाय साधा आहे. चालणारी आज्ञावली घ्यावी, ‘सर्वात_मोठी’च्या जागी सगळीकडे ‘सर्वात_लहान’ लिहावे आणि उत्तर बदलेल का, ते विचारावे. मुलांचे अंदाज आधी वहीत उतरवून घ्यावेत, मगच ती चालवावी.