कृष्णराज-रूपकें व नाणीं ओळखण्याची कसोटी

धातुशोधक यंत्र हातीं आल्यापासून जुनीं नाणीं जमविणाऱ्यांचा एक नवा वर्ग निर्माण झाला आहे. शेत, नदीकांठ, पडक्या वाड्याचें आवार अशा ठिकाणीं यंत्र फिरवावें, त्यानें नाद दिला कीं चार बोटें माती उकरावी, नाणें धुऊन छापील सूचींतील चित्राशीं ताडून पाहावें, आणि चित्र जुळलें म्हणजे ओळख पटली असें समजावें, हा या पद्धतीचा सारांश होय. नाण्यावरील लेख वाचतां आला कीं नाणें आपली ओळख आपणच सांगतें, हें या पद्धतीचें मूळ गृहीत आहे. तें आम्हांस मान्य नाहीं. तें कां मान्य नाहीं, हें त्र्यंबकेश्वराच्या परिसरांतील एका उदाहरणानें येथें दाखवावयाचें आहे.

कृष्णराज नांवाच्या एका राजाचीं लहान, वाटोळीं, रुप्याचीं नाणीं प्रसिद्ध आहेत. एका अंगास उजवीकडे पाहणारें राजाचें मुख, दुसऱ्या अंगास बसलेला नंदी, व त्याभोंवतीं ब्राह्मी लेख. त्यांत राजास परम माहेश्वर व मातापित्यांच्या चरणांचें चिंतन करणारा असें म्हटलें आहे. नांव स्पष्ट आहे. तरीहि हा कृष्णराज कोणता, याविषयीं विद्वानांत दीर्घकाळ मतभेद होता. राष्ट्रकूट वंशांत कृष्ण नांवाचे राजे झाले, म्हणून हीं नाणीं प्रथम राष्ट्रकूटांच्या पदरीं बांधण्यांत आलीं. ज्यांस घडण फार जुनी दिसली, त्यांनीं त्यासाठीं एक पूर्वकालीन राष्ट्रकूट कृष्ण मानला. नांव वाचून त्या नांवाचा राजा शोधावयाचा, इतकीच ही कसोटी होती.

हा घोटाळा नाण्याकडे अधिक बारकाईनें पाहून सुटला नाहीं. तो ताम्रपटांनीं सुटला. त्र्यंबकेश्वराहून नाशिकास येतांना वाटेंत लागणाऱ्या अंजनेरी येथें हरिश्चंद्रवंशीय भोगशक्तीचे ताम्रपट मिळाले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं ते संपादून प्रसिद्ध केले. काळ कलचुरि संवत् ४६१, म्हणजे सुमारें इ. स. ७१०. त्यांत कृष्णराज-रूपकांचा नांवानें उल्लेख आहे. आतां राष्ट्रकूट पहिला कृष्ण गादीवर आला तो इ. स. ७५६ च्या सुमारास. ज्या नाण्याचा व्यवहार त्याच्यापूर्वीं चाळीसांहून अधिक वर्षें रूढ होता, तें त्याचें असूं शकत नाहीं. उलट पक्षीं, याच जिल्ह्यांतील कळवण तालुक्यांत अभोणें येथें मिळालेला कलचुरि शंकरगणाचा ताम्रपट संवत् ३४७ चा, म्हणजे इ. स. ५९६ च्या सुमाराचा असून, त्यांत शंकरगणाच्या पित्याचें नांव कृष्णराज असें दिलें आहे व तो जन्मापासून पशुपतीचा भक्त होता असें सांगितलें आहे. परम माहेश्वर हें बिरुद येथें बरोबर जुळतें, आणि क्षत्रप-त्रैकूटक पद्धतीची घडणहि त्या काळास शोभते. अतएव हीं नाणीं कलचुरि कृष्णराजाचीं, हा निर्णय आम्ही योग्य मानितों.

तथापि या निर्णयांतील एक सांधा वाचकांनीं नीट पाहावा. अंजनेरीचा ताम्रपट रूपकाचें वर्णन करीत नाहीं. त्यावर नंदी होता कीं नव्हता, हें त्यांत नाहीं. ताम्रपटांतील रूपक तें हेंच, असें म्हणण्यास आधार कोणता? आधार हा कीं, हीं नाणीं बागलाणांतील देवळाणें इत्यादि ठिकाणीं, म्हणजे याच प्रदेशांत, सांपडल्याची नोंद झालेली आहे. ती नोंद नसती, तर नाणें व ताम्रपट यांस जोडणारा दुवाच नाहींसा झाला असता. दुसरें असें कीं, राजा गेल्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें हें नाणें चालत होतें. म्हणून ज्या थरांत तें सांपडेल तो थर कृष्णराजाच्याच काळचा, असेंहि अनुमान करितां येत नाहीं.

जोगलटेंभीच्या ठेव्यावरून हीच गोष्ट सिद्ध होते. इ. स. १९०६ मध्यें तेथें नहपानाचीं १३,२५० हून अधिक रुप्याचीं नाणीं एकत्र मिळालीं. रेव्हरंड स्कॉट यांनीं तीं तपासलीं, तेव्हां सुमारें ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां उठविल्याचें आढळलें. नाशिकच्या लेण्यांतील लेखांत गौतमीपुत्रानें क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचें म्हटलें आहे. त्यास या ठेव्यानें प्रत्यक्ष पुरावा दिला. हीं नाणीं एकेक करून बाजारांत गेलीं असतीं, तर दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर नवा ठसा होता, हें कोणास कळलें असतें?

स्थळाची नोंदहि डोळस असावी लागते. त्र्यंबकेश्वर हें तीर्थ आहे. सिंहस्थास दूरदूरचे यात्रेकरू येतात व नाणें पाण्यांत सोडण्याची चाल सर्वत्र आहे. कुशावर्ताजवळ परमुलखांतील नाणें मिळालें, तर तेथवर कोणी यात्रेकरू आला इतकेंच ठरतें. त्या राजाची सत्ता येथवर होती, असें ठरत नाहीं. यात्रेच्या गांवीं रामटंकाहि हटकून आढळतात. राम-सीतेची मूर्ति असलेलीं हीं पूजेचीं पदकें होत, चलनी नाणीं नव्हेत. कंपनी सरकारचें नांव व १८१८ सारखें साल घालून एका अंगास देवतामूर्ति उठविलेले तांब्याचे तुकडे तर सर्वस्वी बनावट आहेत. कंपनीनें असें नाणें कधीं पाडलें नाहीं. तसेंच पेशवाईंतील रुपयावर शाहआलमचें नांव असतें, म्हणून तो दिल्लीचा ठरत नाहीं. टांकसाळीचें नांव व खूण पाहिल्यावांचून निर्णय करूं नये. गुलशनाबाद हें नाशिकचेंच मोगली नांव होय.

यंत्र टाकून द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु संरक्षित वास्तूंच्या आवारांत परवानगीवांचून खोदणें १९५८ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. शिवाय १८७८ च्या निखात-निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा मिळाल्यास कलेक्टरास लेखी कळवावें लागतें, आणि त्यांत ठेव्याचें स्वरूप व किंमत, सांपडल्याचें स्थळ, व दिवस या बाबी द्याव्या लागतात. संशोधकासहि नेमक्या याच बाबी हव्या असतात. संग्राहकांनीं निदान एवढें करावें कीं, नाणें पुसण्यापूर्वीं त्याचें वजन, जागा, खोली व सोबत मिळालेल्या वस्तु टिपून ठेवाव्या, आणि ठेवा फोडूं नये. चुकीचें वाचलेलें नाणें उद्यां कोणी पुन्हां वाचूं शकेल; परंतु उकरून काढतांना नोंद केली नाहीं, तर ती मागाहून करण्याचा मार्ग उरत नाहीं.