'इंधन'नंतरचे दलवाई

हमीद दलवाईंचे नाव निघाले की आपल्यात लगेच दोन तट पडतात. एकाला समाजसुधारक आठवतो, दुसऱ्याला धर्मबुडवा. कथाकार सहसा कोणालाच आठवत नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण आपल्या लेखनाची परंपरा शोधतो आहोत. पण 'लाट' (१९६१) आणि 'इंधन' (१९६५) यांच्यापाशी आलो की चर्चा तलाकवर घसरते. मीही याला अपवाद नव्हतो.

'इंधन'चा निवेदक पंधरा वर्षांनी, हृदयविकारातून उठून कोकणातल्या आपल्या गावी परततो. श्रद्धा उरलेली नाही, गावाची ओढ मात्र आहे. प्रचारकी लेखकाने या माणसाच्या तोंडी लांबलचक भाषणे घातली असती आणि गावाला अडाणी ठरवून तो मोकळा झाला असता. दलवाईंचा हा सुधारलेला माणूस स्वतःही चुकतो. गाव पेटते तेव्हा त्या आगीपासून त्याला वेगळे होता येत नाही. मुसलमान असो की कुळवाडी, लेखकाने कोणाला देव केले नाही की राक्षस. हिंदू वाचकाला खूश करण्याची किंवा स्वकीयांना सांभाळून घेण्याची धडपड नसलेले असे चित्र त्याआधीच्या मराठी कादंबरीत निदान माझ्या वाचनात नाही.

आणि लगेच पुढच्या वर्षी, १८ एप्रिल १९६६ रोजी, हाच लेखक सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा घेऊन मुंबईत विधिमंडळावर जातो. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन होते. १९७७ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मृत्यू. दुसरी कादंबरी आलीच नाही.

चळवळीने एक चांगला लेखक गिळला, असे म्हणावेसे वाटते. ते अगदीच खोटे नाही. दलवाईंच्या वैचारिक लेखनातली वाक्ये न्यायाधीशाच्या निकालासारखी येतात. कादंबरीतला संशय, स्वतःवरचा अविश्वास तिथे दिसत नाही. कादंबरीकार ज्या माणसाच्या घरात शिरून त्याचे दुखणे ऐकतो, तोच माणूस विचारवंताला केवळ प्रतिपक्ष वाटतो. समाजाने त्यांचे ऐकले नाही, यात या सुराचाही थोडा वाटा असावा, असे मला वाटते.

पण त्यांनी एक गोष्ट केली नाही. हाती घेतलेले काम कथेच्या मापाचे नाही, असे दिसल्यावर त्यांनी कथा बाजूला ठेवली. तिचे पत्रक केले नाही. आपण नेमके उलटे करतो. आपल्या कितीतरी कथांत शेवटच्या पानावर नायिका उठते, मौलवीला चार खडे बोल सुनावते आणि कथा संपते. अशी कथा मीही लिहिली आहे. ती छापूनही आली.

पुढच्या संमेलनात दलवाईंवर परिसंवाद ठेवायचा असेल तर विषयपत्रिकेवर फक्त 'इंधन' असू द्यावे. येणाऱ्याने ती वाचून यावे.