सोपाऱ्याची शिळा, त्रिरश्मीची भिंत

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या चौपाटीवर उभे राहिले की समोर वसईची खाडी आणि रेल्वेचे पूल दिसतात. पूल ओलांडला की नायगाव, मग वसई रोड आणि तिसरे स्टेशन नालासोपारा. या सोपाऱ्यात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला; १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाची शिळा मिळाली. मौर्यांचा वारसा पुढे सातवाहनांनी चालवला, असे आपण सहज म्हणतो. पण नेमके काय चालवले आणि काय वाटेत सोडले? दोघांचेही कोरीव लेख हाताशी आहेत. ते केवळ इतिहासाची साधने म्हणून न पाहता गद्य म्हणून वाचले, तर काही उत्तर मिळते.

नवव्या लेखात अशोक घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा बोलतो. आजारपण, लग्न, अपत्यजन्म, प्रवास अशा वेळी लोक नाना मंगलकार्ये करतात. ती करावीत, पण त्यांचे फळ थोडे. दासांशी आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राण्यांविषयी संयम बाळगणे, हे खरे मंगल. तेराव्या लेखात, जो शाहबाजगढीला वाचता येतो, हाच राजा कलिंगयुद्धाचा हिशेब देतो: दीड लाख माणसे हद्दपार, एक लाख ठार, त्याहून कितीतरी अधिक मेली, आणि त्याचा मला पश्चात्ताप होतो. अर्थात हा कबुलीलेख कलिंगातल्याच धौली आणि जौगड येथे मात्र कोरलेला नाही, हेही विसरू नये. तरीही राजा स्वतःच्या कृत्याविषयी क्रियापदात बोलतो, ही या गद्याची खूण आहे.

सोपारा-कल्याणकडून जुन्नरला जाणाऱ्या वाटेवर नाणेघाटाच्या माथ्याशी लेणे आहे. तिथला दीर्घ लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. म्हणजे साधने अशोकाच्याच वळणाची. मजकूर मात्र अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांचा आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण यांच्या दक्षिणेचा. यज्ञासाठी प्राणी मारू नये, असे अशोकाने पहिल्याच लेखात बजावले होते. आकडे दोन्हीकडे आहेत. अशोकाने मेलेली माणसे मोजली, नाणेघाटाने दिलेल्या गायी मोजल्या.

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्याच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. गेलेल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, आई थोरवी सांगते: तीन समुद्रांचे पाणी प्यालेली वाहने असणारा, क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद करणारा, पौरजनांच्या सुखदुःखाशी समरस होणारा, अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची आवड नसणारा. अशोकाची अहिंसा इथे पोचली आहे, पण विशेषण होऊन. षष्ठीतल्या विशेषणांच्या त्या लांबलचक माळेत ‘निःशेष उच्छेद’ आणि ‘हिंसेची नावड’ एकाच दोऱ्यात ओवली आहेत, आणि दोघांत कुठेही खटका उडत नाही. विशेषणाला कबुली द्यावी लागत नाही. आईच्या शोकाला ते शोभतेही. मात्र राजाचा स्वतःचा आवाज या माळेत हरवतो. पुढच्या शतकांतल्या राजप्रशस्त्यांनी बव्हंशी हीच वाट धरली.

म्हणून वारसा इथेच संपला, असे म्हणावे तर त्याच लेण्याच्या ओवरीतला दुसरा मजकूर आडवा येतो. तो गौतमीपुत्राच्या चोविसाव्या वर्षातला सरकारी कागद आहे, फक्त दगडावरचा. राजा आणि राजमाता गोवर्धनच्या अमात्य सामकाला आज्ञा पाठवतात. आरंभी त्याला आरोग्य चिंतले आहे. नेमका हाच रिवाज तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीच्या अशोकलेखात दिसतो: सुवर्णगिरीहून इसिलच्या महामात्रांना आधी आरोग्य, मग आज्ञा. राजवंश बदलला, धर्मकृत्ये बदलली, महामात्राच्या जागी अमात्य आला. कचेरीतला मायना टिकला.

त्याहून मोलाचे पुढे आहे. राजा म्हणतो, या डोंगरावरच्या भिक्षूंना आम्ही पूर्वी कखडी गावातले शेत दिले. ते शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही. तेव्हा नगराच्या सीमेवरच्या आमच्या राजकीय शेतातून शंभर निवर्तने द्यावीत. कलिंगाच्या पश्चात्तापापुढे ही गोष्ट फार लहान. पण दिलेले दान फुकट गेले, हे राजा इथे स्वतः सांगतो, साध्या क्रियापदांत सांगतो, आणि दुरुस्ती करतो. अशोकाच्या गद्यातला जो गुण प्रशस्तीने गमावला, तो कारकुनाच्या मजकुरात शिल्लक राहिला.

या पत्रातल्या राजमातेला ‘जीवसुता’ म्हटले आहे, जिचा मुलगा जिवंत आहे ती. पुढे मुलगा गेल्यावर त्याच लेण्यात तिने विशेषणांची माळ कोरून घेतली. सातवाहनांचे वैभव सांगताना आपण त्या माळेतले तीन समुद्र आठवतो. त्यांच्याबरोबर कखडीचे पडीक शेतही आठवायला हवे.