‘श्यामची आई’ : एक पुनर्वाचन

काही पुस्तके इतकी घरोघरची होऊन बसतात की, ती वाचावयाचीच राहून जातात. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या आत्मकथेचे तसेच झाले आहे. आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतून देवघराशेजारच्या फडताळात तिची प्रत हमखास सापडते. आजीने ती नातवास वाचून दाखविलेली असते. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट पाहून डोळेही पुसलेले असतात. परंतु डोळे पुसणे म्हणजे वाचणे नव्हे. गेल्या चातुर्मासात देवळाच्या सभामंडपात रोज सायंकाळी आरतीनंतर एक प्रकरण, या क्रमाने आम्ही हे पुस्तक मुलांसमवेत पुन्हा वाचले, आणि त्यातून जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी आरंभ झाला आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे त्यातील बहुतेक भाग लिहून झाला होता. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. तेहतीस वर्षांचा एक सत्याग्रही शिक्षक, पंधरा वर्षांपूर्वी वारलेल्या आईस, गजांआड बसून आठवतो आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यातील भावनेचा वेग उमगतो. आश्रमातील सोबती प्रार्थनेनंतर जमतात, श्याम बोलू लागतो, आणि अशा बेचाळीस रात्री सरतात. आपल्या वाचकांस ही मांडणी परकी वाटणार नाही, कारण ती कीर्तनाची मांडणी आहे. फरक इतकाच की, कीर्तनात आधी निरूपण व मग आख्यान येते. येथे आधी आख्यान येते आणि निरूपण मागाहून.

आमच्या मते पुस्तकाचे सामर्थ्य आख्यानात आहे, आणि दुबळेपणा निरूपणात. न्हाऊन आलेला श्याम तळव्यांस माती लागू नये म्हणून आईस पदर पसरावयास सांगतो, आणि ती पायांइतकेच मनासही जपावयास सांगते, तेथे सारे सांगून झालेले असते. पोहावयास भिणाऱ्या मुलास शिपटीने झोडून पाण्यावर धाडणारी हीच आई आहे, हे दिसले की वात्सल्याची दुसरी बाजू आपोआप कळते. त्यावर श्यामने पुन्हा प्रवचन करावे याची गरज नव्हती. मोठ्यांस हा उपदेश गोड लागतो. मुले मात्र त्या वेळी चुळबूळ करितात, हे आम्ही स्वतः पाहिले. मुलांचा कौल टीकाकाराने मोलाचा मानावा.

दापोलीनजीकच्या पालगड गावचे कोकण या पुस्तकात जिवंत आहे. कोकणी घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस ते वाचताना आपलेच अंगण आठवते. इथली मुले शाळेत गुजराती वा इंग्रजी शिकतात; ‘मोळी’ आणि ‘सोवळे’ हे शब्द त्यांस समजावून द्यावे लागले. आणि त्यांतल्याच एका शब्दावरून आमची खरी परीक्षा झाली.

डोक्यावरची मोळी खाली पडलेली एक वृद्ध महारीण वाटेवर उभी असते. तिला हात लावावयास कोणी तयार नसते. आई श्यामला सांगते की, जा, तिच्या डोक्यावर मोळी चढवून दे, आणि मग आंघोळ करून ये. प्रकरण संपताच नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने विचारले, “काम चांगले केले, मग आंघोळ कशाला?”

सभामंडपात क्षणभर कोणीच बोलले नाही. आम्हीही नाही. त्या माउलीच्या काळात एवढे धाडसही थोर होते, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. आमच्या दृष्टीने गुरुजींचा मोठेपणा येथेच आहे की, त्यांनी ती आंघोळ लपविली नाही. आईस देवता करावयाची असती तर एक वाक्य गाळणे त्यांस अवघड नव्हते. त्यांनी तिला तिच्या रूढींसकट, तिच्या पायरीवर उभी असलेली दाखविली, आणि पुढची पायरी स्वतः चढले. मे १९४७ मध्ये पंढरपुरास विठ्ठलाचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणास लावून उपोषण केले, आणि ते मंदिर खुले झाले. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही; ते लेखकाच्या आयुष्यात आहे.

आम्हा बडोदेकरांस आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. गुरुजींची आई १९१७ च्या नोव्हेंबरात वारली. त्याच वर्षी सप्टेंबरात, सयाजीराव महाराजांच्या साहाय्याने परदेशी शिकून आलेले डॉ. आंबेडकर येथे नोकरीवर रुजू झाले, आणि अस्पृश्य म्हणून त्यांस या शहरात राहावयास जागा मिळेना. १९०६ सालीच संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या राजाच्या राजधानीत हे घडले! कमाटी बागेतील ज्या वडाखाली ते अश्रू ढाळीत बसले, ती जागा आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते. ‘श्यामची आई’तील पहिली रात्रही वडाचीच आहे, आजारी आईच्या वतीने लाजत लाजत प्रदक्षिणा घालणारा श्याम तेथे भेटतो. आपल्या नगरीचे नावच मुळी वडावरून आले, असे मानितात. या दोन्ही वडांची सावली मुलांस एकाच वेळी दाखविता आली पाहिजे.

पुस्तकाच्या शेवटाविषयी थोडे. आईच्या मृत्यूसमयी श्याम जवळ नव्हता. ते प्रसंग त्याने इतरांकडून ऐकून सांगितले आहेत. आत्मकथेतील हा सर्वांत करुण भाग लेखकाने पाहिलेला नाही, आणि त्यामुळेच तो इतका व्याकुळ उतरला असावा. जे हुकले ते पुनःपुन्हा सांगितल्यावाचून माणसाला राहवत नाही.

तेव्हा हे पुस्तक मुलांस अवश्य वाचून दाखवावे, पण रडविण्यासाठी नव्हे. प्रकरण संपले की पुस्तक मिटावे आणि मुलांस प्रश्न विचारू द्यावेत. त्या मुलीस आम्ही दुसऱ्या दिवशी पंढरपूरची हकीकत सांगितली. ती म्हणाली, “मग हे त्यांनी पुस्तकात का नाही लिहिले?” आम्ही सांगितले, “तेव्हा ते अजून घडावयाचे होते.”