लेशानचे बुद्धरूप : उंचीपलीकडे

चीनच्या सिचुआन प्रांतात, मिन, तादू आणि छिंगयी या नद्यांच्या संगमावर लेशानचा लिंगयुन विहार आहे. त्याच्या कड्यात कोरलेल्या ७१ मीटर उंचीच्या मैत्रेय बुद्धरूपाविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्या लेखनात उंचीचे कौतुक फार आणि रचनेचा विचार थोडा. हा क्रम उलटा असावयास हवा, असे आमचे मत आहे.

इ. स. ७१३ मध्ये भिक्खू हायतोंग यांनी हे काम आरंभिले. संगमावरच्या उसळत्या प्रवाहात नावा फुटत, नावाडी बुडत. ते थांबावे हा त्यांचा हेतू. लाच मागणाऱ्या अधिकाऱ्यासमोर त्यांनी स्वतःचे डोळे काढले, अशी कथा आहे. लेखक नेमके या कथेवरच रेंगाळतात, हे आम्हांस खटकते. देहदंडन तथागतांनीच त्याज्य ठरविले होते. हायतोंग यांची थोरवी आम्हांस दिसते ती नावाड्यांच्या दुःखाची दखल घेण्यात.

त्यांच्या निधनानंतर काम रखडले. पुढे मिठावरील कराचे उत्पन्न त्याकडे वळविण्यात आले (म्हणजे सामान्य माणसाच्या ताटातील मीठच येथे दान झाले!) आणि वेई काओ या प्रांताधिपतीच्या काळात, ८०३ मध्ये, ते पुरे झाले. नव्वद वर्षे छिन्नी चालविणाऱ्या पाथरवटांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

मूर्ती पाय खाली सोडून बसलेली आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यातील बुद्धरूप ज्यांनी पाहिले आहे, त्यांस हे आसन परके वाटणार नाही. खरे कौशल्य मात्र डोळ्यांस सहज न दिसणारे आहे. कडा तांबड्या वालुकाश्माचा. पाणी हाच त्याचा शत्रू. म्हणून केसांच्या वळणांत, कानांमागे, चीवराच्या चुण्यांत पन्हळी कोरून पावसाचे पाणी बाहेर काढले आहे. वर अनेक मजली लाकडी छत्रही होते. युआन राजवटीच्या अखेरच्या युद्धांत ते नष्ट झाले. त्याच्या तुळयांसाठी खोदलेली भोके कड्यावर आजही दिसतात. छत्र गेल्यावर या पन्हळींवरचा भार वाढला.

कोरताना निघालेला दगड नदीत पडून प्रवाह मंदावला, असेही सांगतात. तसे झाले असेल, तर नावाडी वाचले ते चमत्काराने नव्हे, दगडाने. २०२० च्या ऑगस्टमधील महापुरात पाणी मूर्तीच्या पायांच्या बोटांपर्यंत चढले, तेव्हा वार्ताहरांनी पुन्हा अद्भुताचीच भाषा वापरली. पन्हळींविषयी आम्हांस त्यांत काही वाचावयास मिळाले नाही.