बासरीला विटाळ का नाही?

कर्नाटक संगीताचा मी जाणकार नाही. पण टी. विश्वनाथन यांची बासरी मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. वाजवता वाजवता ते बासरी ओठांवरून खाली घेत आणि तीच ओळ गळ्यातून गात. पुन्हा फुंकू लागले की बांबूच शब्द उच्चारतो आहे असे वाटे. हे सौंदर्य मी नाकारत नाही. पण 'गायकी अंगाची बासरी' एवढे म्हणून समीक्षक थांबतात, तिथून माझा प्रश्न सुरू होतो. हा श्वास कुणाचा?

विश्वनाथन (१९२७–२००२) हे वीणा धनम्माळ यांचे नातू, बालसरस्वतींचे भाऊ. देवदासी परंपरेतून आलेल्या घराण्यातले. त्यांचे गुरू तिरुप्पांबुरम स्वामिनाथ पिल्लै नागस्वरम वाजवणाऱ्या घरातले.

नागस्वरम तोंडाने फुंकायचे, बासरीही तोंडानेच. उष्ट्याचा नियम खरा असता, तर दोन्ही वाद्ये सारखीच विटाळली असती. पण नागस्वरम प्रामुख्याने इसै वेल्लाळर आणि न्हावी जातींकडे, देवळाच्या मिरवणुकीत राहिले. बासरी मात्र शरभ शास्त्रींनी (१८७२–१९०४) मैफलीच्या मध्यभागी बसवली. पुढे मालींनी (१९२६–१९८६) तिला मानवी गळ्याची लवचीकता दिली. हे दोघेही ब्राह्मण. त्यांची थोरवी खरीच. पण त्यांच्या ओठांचा विटाळ झाला नाही, कारण बासरी कृष्णाची! म्हणजे विटाळ थुंकीत नसतो, जातीत असतो.

बासरीला कातडे नाही म्हणून ती 'शुद्ध', असेही कुणी म्हणेल. मग तिच्या शेजारी मृदंग कशाचा आहे? गाय, म्हैस आणि शेळी यांच्या कातड्याचा. तो घडवणाऱ्यांत दलित ख्रिस्ती कारागिरांची घराणी आहेत. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा कलाक्षेत्राने प्रकाशनासाठी दिलेली जागा ऐनवेळी काढून घेतली. कातडे मंचावर चालते. त्याचा उच्चार चालत नाही.

हे मला परके वाटत नाही. माझ्या गावी मातंग सनईवाले लग्नात मंगल सूर काढत आणि मांडवाबाहेर जेवत. त्यांचा श्वास शुभ होता, सावली अशुभ.

म्हणून माझे मागणे साधे आहे. बासरीच्या मैफलीवर लिहिताना राग लिहा, ताल लिहा, गुरूचे नाव लिहा. आणि ज्याच्या हातांवर तो ताल उभा आहे, त्या कारागिराचेही नाव लिहा. तेवढे होईपर्यंत ती समीक्षा अर्धीच.